दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्याकडे नवे लोक येतात, तसेच परवाना मिळून कितीतरी वर्षं झालेलेही येतात. या दुसऱ्या गटाला बहुतेक वेळा घरच्यांनी आग्रहाने पाठवलेलं असतं. त्यांचं म्हणणं साधारण एकच असतं: माझा हात साफ आहे, वेगमर्यादेचा फलक नवशिक्यांसाठी. मी त्यांच्या हाताबद्दल काही बोलत नाही. एखाद्याचा हात खरोखरच साफ असतो. पण गाडी थांबायला किती मीटर लागतात, हे ठरवणं हाताच्या ताब्यात फारसं नाही, म्हणून मी आधी मीटरच मोजायला लावते.

समोर काहीतरी आलं, ते डोळ्यांना दिसलं, काय आहे ते कळलं आणि पाय अ‍ॅक्सिलेटरवरून ब्रेकवर गेला. सावध माणसालाही एवढ्याला साधारण एक सेकंद लागतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने त्या सेकंदात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते, ८० ने २२ मीटर आणि १०० ने जवळजवळ २८. एवढ्या अंतरात ब्रेक लागलेलाच नसतो. पुढे ब्रेकचं अंतर सुरू होतं आणि ते वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि ब्रेक पूर्ण दाबलेला असं धरलं, तर थांबेपर्यंत ५० ला एकूण २८ मीटर लागतात, ६० ला ३६-३७, ८० ला ५७-५८ आणि १०० ला ८३.

आता 'दहानेच तर जास्त आहे' या वाक्याकडे बघा. दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्या आहेत, एक ५० ने, एक ६० ने. समोर मूल धावत आलं. दोघांनाही ते एकाच क्षणी दिसलं, दोघांनीही सारख्याच चपळाईने ब्रेक दाबला. पहिली गाडी मुलाच्या अगदी पुढ्यात थांबते. त्याच जागी दुसऱ्या गाडीचा वेग अजून ताशी ४० असतो. दुसऱ्या चालकाने काहीच चूक केली नाही, त्याचा हातही कमी नव्हता. त्याने वेग निवडला तिथेच सगळं ठरलं होतं.

म्हणून माझा एकच नियम आहे: जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्यात गाडी थांबवता आली पाहिजे. फलकावरचा आकडा ही वरची हद्द. तिच्या आत कुठे राहायचं ते समोर किती दिसतंय यावर ठरवा.

वळणावर हे कसं करायचं? रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या टोकावर नजर ठेवा. ते टोक तुमच्याकडे सरकत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी करा. जागच्या जागी असेल तर आहे तो वेग ठेवा. लांब पळायला लागलं की वळण उलगडतंय, मग हळूच अ‍ॅक्सिलेटर द्या. ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. टायरची रस्त्यावरची पकड मर्यादित असते. ती वळण्यात खर्च होत असताना जोरात ब्रेक मारला तर दोन्हीला पुरत नाही.

रात्री नियम तोच, फक्त दिसणं आखूड होतं. लो बीमवर, म्हणजे दिव्यांचा झोत खाली असताना, साधारण ५० मीटर नीट दिसतं आणि गडद कपड्यातला माणूस त्याहून बराच जवळ आल्यावर. ८० ला थांबायला ५७ मीटर लागतात हे आठवा. म्हणजे लो बीमवर ८० ने जाणारा माणूस स्वतःच्या उजेडाच्या पुढे गाडी हाकतोय. समोरून कोणी नसेल तेव्हा हाय बीम लावा आणि समोर दिवे दिसले की लगेच उतरवा. हाय बीम लावता येत नसेल तिथे वेग उतरवा.

पावसात ब्रेकचं अंतर दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागले की स्टिअरिंग एकदम हलकं वाटतं. अशा वेळी पाय अ‍ॅक्सिलेटरवरून उचला, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेकवर आपटू नका. टायर पुन्हा टेकल्याचं हातांना कळतं.

कौशल्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण वाद इथेच होतो. १९७४ साली अमेरिकेत शर्यतीचा परवाना असलेल्या चालकांच्या साध्या रस्त्यावरच्या नोंदी सामान्य चालकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. शर्यतवाल्यांच्या नावावर नियमभंगही जास्त होते आणि अपघातही. नॉर्वेने १९७९ नंतर नव्या चालकांना निसरड्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण दिलं, तर तरुण मुलग्यांचे अपघात वाढले. शिकलेला हात धोक्याच्या जास्त जवळ जायला धजतो, एवढाच अर्थ मी त्यातून घेते. आणि आपण सरासरीपेक्षा चांगले चालक आहोत असं बहुतेकांना वाटतं, हेही १९८१ च्या एका प्रसिद्ध पाहणीत दिसलं होतं. सगळे सरासरीच्या वर असू शकत नाहीत, म्हणून स्वतःच्या हाताबद्दलच्या मतावर वेग ठरवू नका.

मी हाताची कामं शिकवते, पण मोजकी. पहिलं काम, ब्रेक पूर्ण दाबणं. बहुतेक लोकांनी आयुष्यात एकदाही ब्रेक पूर्ण ताकदीने दाबलेला नसतो, त्यामुळे खऱ्या वेळी ते अर्धाच दाबतात. मोकळं, बंदिस्त मैदान शोधा, शेजारी जाणकार माणूस बसवा, ४० ने जा आणि पायाने पेडल तळाशी रोवा. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर पेडल थरथरेल, खडखड आवाज येईल. घाबरून पाय उचलू नका, दाबून ठेवा आणि त्याच वेळी स्टिअरिंगने बाजूला वळून बघा. एबीएस आहे तो ब्रेक दाबलेला असतानाही वळता यावं म्हणून. जमिनीवर आधी खूण करा आणि गाडी कुठे थांबेल याचा अंदाज सांगा. माझ्याकडचे बरेच जण खूप अलीकडची जागा दाखवतात, आणि गाडी पुढे जाऊन थांबली की गप्प होतात. ती शांतता मला हवी असते. तिच्यानंतर माणूस फलकाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

दुसरं काम, पुढच्या गाडीपासूनचं अंतर. ते मीटरमध्ये मोजू नका, सेकंदांत मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. हे म्हणून संपायच्या आत तुम्ही खांबाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. रस्ता ओला असेल तर चारपर्यंत मोजा. मध्ये कोणी घुसला तर पुन्हा मागे सरका, त्यात काही मिनिटंही जात नाहीत.

तिसरं ओव्हरटेकिंग, आणि दोन पदरी रस्त्यावर मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. ट्रक ६० ने जातोय, तुम्ही ८० ने त्याला मागे टाकताय. मागचं पुढचं अंतर धरून तुम्हाला त्याच्यापेक्षा साधारण ५५ मीटर जास्त कापायचे आहेत आणि तुमचा जास्तीचा वेग फक्त २०. म्हणजे दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत तुम्ही २२० मीटर जाता, समोरून ८० ने येणाराही २२० मीटर येतो. एकूण ४४० मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. चढ किंवा वळण असेल तर एवढं दिसतच नाही. शंका आली की मागे राहा. ओव्हरटेक सुरू केल्यावर जमणार नाही असं वाटलं तर ब्रेक मारून पुन्हा ट्रकच्या मागे या, लाज वाटू देऊ नका.

वेगमर्यादा फक्त तुमच्या गाडीसाठी नसते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. रस्ता ओलांडणारी बाई, बाजूच्या गल्लीतून निघणारा सायकलवाला, हे तुमची गाडी किती वेळात पोहोचेल याचा अंदाज बांधून पाऊल टाकतात. तो अंदाज त्या रस्त्यावरच्या नेहमीच्या वेगावर बांधलेला असतो. तुम्ही वेगळे निघालात की त्यांचा हिशेब चुकतो आणि त्यांना ते कळायला उशीर होतो. ब्रिटनमधल्या २०११ च्या एका अभ्यासात, ताशी २० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारी गाडी आपल्या जवळ येतेय हे प्राथमिक शाळेतल्या मुलांना खात्रीने ओळखता आलं नाही. हे मुलांच्या बेशिस्तीमुळे होत नाही, त्यांची नजर अजून तयार व्हायची असते. शाळेजवळ ३० चा फलक का असतो याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली रस्त्यावर कोणी मरू नये हेच ध्येय ठरवलं. त्या विचारात वेग माणसाच्या शरीराला काय सोसतं यावरून निघतो: पायी माणसं आणि गाड्या एकत्र असतील तिथे ३०, बाजूने धडक बसू शकते अशा चौकात ५०, मध्ये दुभाजक नसलेल्या समोरासमोरच्या रस्त्यावर ७०. तुमच्या रस्त्यावरचा आकडा वेगळा असेल, पण हे तीन आकडे डोक्यात ठेवून गाडी चालवून बघा.

मोठ्या रस्त्यावरून उतरल्यावर वेगाच्या काट्याकडे मुद्दाम बघा. तासभर १०० ने आलेल्या माणसाला ६० म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. तो भास असतो आणि वस्तीत शिरताना तोच घात करतो. उशीर होतोय म्हणून वेग वाढवणाऱ्यांनी एक हिशेब करावा: ३० किलोमीटरला ८० ने साडेबावीस मिनिटं लागतात, १०० ने अठरा. घरून पाच मिनिटं आधी निघालात की काम झालं.

सीटबेल्ट सगळ्यांनी लावायचा, मागे बसलेल्यांनीही. फोन हाताला येणार नाही अशा जागी ठेवा, कारण ६० ने जाताना दोन सेकंद नजर खाली गेली की ३३ मीटर न बघता जातात. डोळे जड झाले तर काच उघडून किंवा गाणी लावून भागत नाही. सुरक्षित जागी थांबा आणि झोपा.

राहिला मागून दिवे मारणारा. तुम्ही मर्यादेत आहात आणि तो बंपरला चिकटलाय. वेग वाढवू नका आणि त्याला धडा शिकवायला ब्रेकही मारू नका. पुढच्या गाडीपासूनचं अंतर उलट थोडं वाढवा, म्हणजे तुम्हाला कधी एकदम ब्रेक मारावा लागणार नाही आणि त्यालाही सावरायला वेळ मिळेल. जागा मिळाली की इंडिकेटर देऊन कडेला व्हा, त्याला जाऊ द्या आणि आरसा बघून पुन्हा आपल्या वेगाला या.