शेडच्या छपरावर पडलेलं झाड स्वतः कसं काढावं

वादळ ओसरल्यावर मागच्या शेडवर झाड आडवं झालेलं दिसलं की हात शिवशिवतात. करवत आणावी, फांद्या छाटाव्यात आणि मोकळं व्हावं असं वाटतं. पण त्या झाडाचा भार छपरावर, भिंतीवर, वाकलेल्या फांद्यांवर आणि अर्धवट उपटलेल्या मुळांवर वाटला गेलेला असतो. एक फांदी कापली तरी ही वाटणी बदलते. म्हणून कापण्यापेक्षा भार ओळखण्यात जास्त वेळ घालवा.

आधी लांबूनच बघा

पहिली नजर विजेच्या तारांवर टाका. झाड तारेला टेकलं असेल किंवा तार तुटून पडली असेल, तर पुरवठा बंद केल्याचं वीज कंपनी सांगेपर्यंत किमान १० मीटर लांब राहा. ओलं लाकूड, पत्रा, कुंपणाची तार या सगळ्यांतून वीज येऊ शकते. शेडमध्ये वीजजोडणी असेल तर तीही घरातून बंद करा. मग झाडाभोवती लांबून एक फेरी मारा आणि वरही बघा. शेजारच्या झाडांत अडकलेल्या मोडक्या फांद्या नंतर डोक्यात पडतात. विमा असेल तर काहीही हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

हे काम आपलं आहे का, हेही इथेच ठरवा. भिंत कलली असेल, खोड ३० सेंटिमीटरपेक्षा जाड असेल किंवा छपरावर चढल्याशिवाय भागणार नसेल, तर झाडं तोडणाऱ्या जाणकारांना बोलवा. ओल्या लाकडाचं वजन डोळ्यांना कळत नाही. ३० सेंटिमीटर जाडीचा एक मीटर ओंडका ६० ते ७० किलो भरतो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कापू नका, फोडू नका आणि त्यांच्यावर पाय तर मुळीच देऊ नका, कारण ते पायाखाली सहज फुटतात. ते आधीच फुटले असतील तर तुकडे ओले ठेवा आणि तेवढं काम माहीतगारांवर सोपवा.

टेकू आधी, करवत नंतर

भिंती ओळंब्यात, म्हणजे न कलता सरळ उभ्या असतील आणि आत जाणं सुरक्षित वाटत असेल, तरच आतून टेकू द्या. ज्या वाशांवर खोड विसावलंय, त्यांच्या खाली भाराच्या दोन्ही बाजूंना भक्कम बल्ल्या उभ्या करा. प्रत्येकीच्या बुडाशी आणि डोक्याशी फळी ठेवा आणि बुडाशी पाचर ठोकून बल्ली घट्ट बसवा. छप्पर वर ढकलायचं नाही, आहे तिथेच धरून ठेवायचं. टेकू देऊन झाल्यावर झाड निघेपर्यंत आत कुणीही थांबायचं नाही.

बाहेरून खोडाला दोरखंड बांधून तो दोन्ही बाजूंना मजबूत आधारांना ताणून ठेवा. फांद्या कमी होत जातात तसं खोड गडगडण्याची शक्यता वाढते. गाडीला दोर बांधून झाड एका दमात ओढून काढायचा मोह होईल, पण तसं करू नका. आडवा ओढा लागला की वासे उखडतात आणि वाचलेली शेडही जमिनीवर येते.

कापायला सुरुवात

डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, पायात भक्कम बूट, आणि चेनसॉ (यंत्रावर चालणारी साखळी-करवत) असेल तर कानांना संरक्षण आणि तिच्यापासून पाय वाचवणारी खास पँट हवीच. छपराजवळच्या कामाला मी साधी हातकरवतच पसंत करतो. ती सावकाश चालते, म्हणून लाकूड काय करतंय ते बघायला वेळ मिळतो. शिडीवर उभं राहून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन चेनसॉ कधीही चालवू नये. लांब दांड्याची करवत असेल तर बरंचसं काम जमिनीवरूनच होतं. शिडी लागलीच तर ४ मीटर उंचीला बुडाशी १ मीटर अंतर ठेवा आणि ती झाडाला टेकवू नका, कारण झाड हलणारच आहे. खाली कुणीतरी शिडी धरून उभं असावं.

शेंड्याकडच्या बारीक, मोकळ्या फांद्या आधी घ्या. एकाच बाजूचं ओझं संपवू नका. थोडं इकडचं, थोडं तिकडचं काढत गेलं की खोडाचा तोल टिकतो. जमिनीत किंवा भिंतीशी रुतून खोडाला धरून ठेवणाऱ्या फांद्या शेवटपर्यंत राहू द्या.

वाकलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते, म्हणून कापण्याआधी तिची ताणाची बाजू शोधा. फांदीचं टोक अधांतरी लोंबत असेल तर ताण वरच्या बाजूला आणि दाब खालच्या बाजूला असतो. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये पोट खाली आलेलं असेल, तर नेमकं उलट. आधी दाबाच्या बाजूने साधारण एक तृतीयांश कापा, मग ताणाच्या बाजूने. दाबाच्या बाजूने जास्त आत गेलात तर फट मिटते आणि पातं चिमटतं. ताणाच्या बाजूने कापताना नजर फटीवर ठेवा. आधी केसाएवढी रेघ रुंदावते, भुसा खाली सांडू लागतो, मग तंतू तुटल्याचा बारीक कटकट आवाज येतो. तो ऐकला की पुढचे दोन-चार फटके अगदी हळू मारा. उभं राहायचं ते बाजूला, फांदी उसळेल त्या रेषेत नाही.

खोडाचे तुकडे आखूड करा, हाताने पेलतील एवढेच. पत्र्यावर आपटेल असा तुकडा कापण्याआधीच दोराने वरच्या फांदीला किंवा दुसऱ्या झाडाला टांगा आणि खालून सावकाश सोडा. दोराला एखाद्या उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती दोन वेढे दिले की घर्षणावर बराच भार पेलला जातो. दोर हाताला मात्र गुंडाळू नका. ओंडका उतरत असताना खाली कुणी नसावं.

मुळांचा गड्डा

मला सर्वात जास्त भीती वाटते ती याची. खोडाचं वजन गेलं की उपटलेला गड्डा अचानक परत खड्ड्यात उभा राहतो, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. मुलांना आणि जनावरांना तिथून लांब ठेवा. गड्ड्याला दोन-तीन मीटर खोड जोडलेलं राहू द्या आणि तो शेवटचा काप एकट्याने घेऊ नका. गड्डा मोठा असेल तर हा काप जाणकारालाच घेऊ द्या.

झाड निघाल्यावर

भार हलका झाला की वासे किंचित वर येतात. टेकू सैल झालेत का ते बघा, पण लगेच काढू नका. भिंतींना पुन्हा ओळंबा लावा. भोकं पडलेल्या भागावर ताडपत्री टाकताना ती आढ्यावरून पलीकडच्या उतारावर न्या, नाहीतर पाणी तिच्या वरच्या कडेखालून आत शिरतं. कडा दगडांनी दाबण्यापेक्षा लाकडी पट्टीत गुंडाळून ठोकल्या तर वाऱ्यात टिकतात. तडकलेल्या वाशाला शेजारी तेवढ्याच जाडीचा दुसरा वासा बोल्टने जोडा, तड्याच्या दोन्ही बाजूंना पुरेसा लांब जाईल असा. तो बसल्यावरच खालचा टेकू काढा.