कुत्र्याची खाज थांबत नाही? या चुका टाळा

रात्री घर शांत झालं की पलंगाखालून चपचप आवाज यायचा. आमची काजू, फिक्या रंगाची लॅब्रॅडॉर, पुढचा पंजा चाटत पडलेली असायची. पंजा उचलून बोटं फाकवली तर आतली कातडी लालबुंद आणि गरम, केस तांबूस झालेले. गोरेगावचा पाऊस, त्यामुळे मला तो चिखलाचा डाग वाटायचा आणि मी तो रोज पुसत राहिले. तो लाळेचा डाग होता. सतत चाटल्याने फिके केस तांबूस होतात. हे कळायला मला दोन महिने लागले आणि तेवढे दिवस काजूने सोसलं, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक खाजेला एकच 'अ‍ॅलर्जी' समजून औषध शोधणं. आधी खाज कुठे आहे ते बघा. शेपटीच्या मुळाशी, कमरेवर आणि मागच्या मांड्यांवर असेल तर पहिला संशय पिसवांवर घ्या. पंजे, कान, काखा, पोट आणि तोंडाभोवती असेल तर घरातली धूळ, बुरशी, परागकण किंवा खाणं. धूळ-परागकणांची अ‍ॅलर्जी बहुतेकदा सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते. कानांच्या कडा आणि कोपरांवरचे केस गेलेत, शिवाय घरातल्या माणसांनाही खाज सुटली आहे? मग ती लूत असू शकते. ती अ‍ॅलर्जी नाही, संसर्ग आहे, आणि तिचा उपचार वेगळा असतो.

"आमच्याकडे पिसवा नाहीतच," हे वाक्य मी सोसायटीच्या बागेत रोज ऐकते. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे, त्याला एक-दोन चावेही पुरतात, आणि चाटता चाटता तो ती पिसू गिळूनही टाकतो. म्हणून पिसू शोधू नका, तिची विष्ठा शोधा. बारीक दातांच्या फणीने कंबर विंचरा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. भोवती तांबूस रंग पसरला तर ते पचलेलं रक्त आहे. अंगावरच्या पिसवा म्हणजे एकूण संख्येचा जेमतेम पाच टक्के भाग. बाकी अंडी, अळ्या आणि कोष गादीत, सोफ्याच्या फटीत असतात. म्हणून एकदा औषध टाकून भागत नाही. घरातल्या सगळ्या प्राण्यांना, दर महिन्याला, वर्षभर द्यावं लागतं, कारण मुंबईला पिसवा थांबतील अशी थंडीच नसते. घरात मांजर असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कुत्र्यांच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

आता आंघोळ. आपला शांपू, जंतुनाशकाचं पाणी, हळद, खोबरेल, सगळं प्रेमापोटीच होतं. पण माणसाच्या कातडीसाठी बनवलेला शांपू कुत्र्याच्या कातडीला मानवत नाही आणि जंतुनाशक तो चाटून पोटात घेतो. खोबरेलाबद्दल मुद्दाम सांगते. दमट हवेत कुत्र्याच्या कातडीवर मॅलासेझिया नावाचं यीस्ट वाढतं आणि ते चरबीवरच जगतं. कातडी तेलकट, काळपट झाली असेल, आंबूस वास येत असेल, तर तेल लावणं म्हणजे त्याला खाऊ घालणं. डॉक्टरांनी औषधी शांपू दिला असेल तर घड्याळ लावून दहा मिनिटं अंगावर राहू द्या, मगच धुवा. आम्ही दोन मिनिटांत धुवायचो आणि शांपूला दोष द्यायचो. नंतर बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं करा. पावसाळ्यात फिरून आल्यावर प्रत्येक वेळी पंजे साध्या पाण्याने धुऊन असंच पुसायचं. अंथरुणाची खोळ आठवड्याला गरम पाण्यात धुवा, कारण धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) दमट हवेत फोफावतात.

खाण्याच्या बाबतीत चुका सगळ्यात जास्त होतात. महागडं 'ग्रेन-फ्री', म्हणजे धान्य नसलेलं, खाणं आणलं की काम झालं असं वाटतं, पण कुत्र्यांना बहुतेक वेळा बाधतात ती प्रथिनं: गोमांस, दूध-दही, चिकन, आणि गहूही. त्या महाग पिशवीत चिकन असेल तर फरक पडणार कसा? रक्ताची किंवा लाळेची तपासणी खाण्याची अ‍ॅलर्जी खात्रीने सांगू शकत नाही. रस्ता एकच. कुत्र्याने कधीच न खाल्लेलं एक प्रथिन, किंवा डॉक्टरांनी दिलेलं हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं) खाणं, किमान आठ आठवडे. त्याशिवाय दुसरं काहीच नाही.

'काहीच नाही' हे घरात पाळणं फार कठीण. आमचे पहिले पाच आठवडे वाया गेले. सासूबाई जेवून उठताना दहीभाताचा शेवटचा घास काजूला देत, वॉचमनकाका बिस्कीट देत, आणि जंताची चघळायची गोळी चिकनच्या स्वादाची निघाली. दुसऱ्या वेळी मी फ्रिजवर कागद लावला, वॉचमनकाकांना समोर बसून समजावलं आणि सासूबाईंच्या हाती काजूच्याच खाण्यातले चार दाणे ठेवले, म्हणजे त्यांना घास भरवल्याचं समाधान. बरं वाटायला लागल्यावर जुनं खाणं पुन्हा देऊन बघायचं असतं, ही पायरी बहुतेक जण गाळतात. दोन आठवड्यांत खाज परतली तरच खाण्यावरचा दोष सिद्ध होतो.

औषधांचं थोडक्यात. स्टेरॉइडने खाज पटकन थांबते, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा गोळ्या आणू नका आणि चालू असलेल्या अचानक बंदही करू नका. खूप तहान, वारंवार लघवी, वाढलेली भूक दिसली तर डॉक्टरांना सांगा. ओक्लासिटिनिबसारखी नवी औषधं आहेत, पण एक वर्षाखालच्या पिल्लांना ती देत नाहीत. घरातली सर्दीची गोळी तर कधीच नको, तिच्यात स्यूडोएफेड्रिन असेल तर जीव जाऊ शकतो. अँटिबायोटिकचा कोर्स खाज कमी झाली म्हणून अर्ध्यावर सोडू नका. कीटक चावल्यावर तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या किंवा उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न बघता निघा.

नेहमीच्या डॉक्टरांकडे सुटत नसेल तर परळला १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कुठेही जाताना खाजेची तारीखवार नोंद, फोटो आणि जुन्या औषधांची पाकिटं बरोबर न्या. आणि आधीचे दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका, कारण धुतलेल्या कातडीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही दाखवत नाही.