प्रथम वर्षाचे जीएफएम होताय? वर्ग भरण्याआधी एवढं करून ठेवा

इंजिनिअरिंगच्या प्रथम वर्षाची वीसएक मुलं जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर, म्हणजे त्या गटाचे पालक-शिक्षक) म्हणून पहिल्यांदाच तुमच्या गळ्यात पडली असतील, तर टाइमटेबलच्याही आधी प्रवेशाची यादी मागून घ्या आणि कोण कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, कितव्या राउंडला आलंय त्यावर खुणा करा. शेवटच्या राउंडची मुलं येतात तेव्हा मॅथ्सचं पहिलं युनिट बरंच पुढे गेलेलं असतं, हॉस्टेल भरलेलं असतं आणि वर्गात कोण कोणाशेजारी बसतं तेही ठरून गेलेलं असतं. पुढे ज्यांच्यावर ‘कच्ची’ म्हणून शिक्का बसतो, त्यांतली बरीच मुळात उशिरा आलेली असतात. त्यांच्यासाठी वेगळा अर्धा दिवस आत्ताच राखून ठेवा. नंतर तो कधीच मिळत नाही.

दुसरं काम कागदपत्रांचं. हे ऑफिसचं काम आहे असं म्हणून सोडू नका, कारण फी अडकलेल्या मुलाचं लक्ष फळ्याकडे नसतं. उत्पन्नाचा दाखला यंदाचा आहे का, नॉन-क्रिमीलेयरची मुदत संपली तर नाही ना, जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे की नुसती अर्जाची पावती, हे प्रत्येकाला बसवून विचारा. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज भरला म्हणजे झालं, असं मुलांना वाटतं. पैसे मात्र आधार ज्या खात्याशी जोडलेलं आहे त्यातच जातात, आणि ते बहुधा शाळेत असताना गावच्या बँकेत उघडलेलं, कित्येक वर्षांत हात न लावलेलं खातं असतं. ते चालू आहे का ते आधी बघायला सांगा. वर्गातल्या मुलींना आवर्जून सांगा, की कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून आलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, पण त्याला तसा दाखला लागतो. दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे मारायचेच असतील तर ते गणपतीच्या सुट्टीत मारलेले बरे, सबमिशनच्या आठवड्यात नव्हे.

आता इंडक्शन, म्हणजे नव्या मुलांना कॉलेजात रुळवण्याचा कार्यक्रम. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात त्यासाठी तीन आठवडे दिले आहेत. आपल्याकडे त्यातला बराच वेळ व्यासपीठावरच्या भाषणांत जातो. माझं ऐकाल तर एक भाषण कमी करा आणि त्या वेळात चाळीस मिनिटांची एक चाचणी घ्या. मार्क जाहीर करायचे नाहीत, हे आधीच सांगा. प्रश्न आठवी ते दहावीचे काढा: अपूर्णांकांची बेरीज, पक्षांतर, विस्तार सूत्रं, काटकोन त्रिकोणातली गुणोत्तरं, शिवाय अकरावीचे थोडे लॉगॅरिदम. सीईटीत चार पर्याय समोर असतात आणि चुकलं तर मार्क कापत नाहीत, त्यामुळे पर्याय उलटे टाकून उत्तर काढण्यात मुलं पटाईत होतात. ओळीखाली ओळ लिहून गणित सोडवायची सवय मात्र अकरावी-बारावीत सुटलेली असते. वर्गमुळाखाली एक्स-वर्ग अधिक वाय-वर्ग दिसलं की सरळ ‘एक्स अधिक वाय’ लिहून मोकळा होणारा मुलगा तुमच्या गटात असणारच. त्याला पार्शल डिफरन्सिएशन कितीही समजावलंत तरी उत्तर चुकणार, आणि तो म्हणणार, ‘सर, एम-वन (गणिताचा पहिला पेपर) माझ्या डोक्यावरून जातंय.’ गोम नववीतल्या बीजगणितात आहे, हे त्यालाही कळलेलं नसतं. ब्रिज कोर्स, म्हणजे कच्चा पाया भरून काढायचे तास, घ्यायचा तो अशा जागा हेरून घ्या, अख्खी बारावी पुन्हा शिकवत बसू नका.

इंजिनिअरिंग ग्राफिक्ससाठी, म्हणजे वस्तूंची तांत्रिक चित्रं काढायच्या विषयासाठी, साबणाच्या वड्या आणून ठेवा. हसू नका. रेषा आखायचा मिनी ड्राफ्टर कसा धरायचा ते दोन तासांत येतं. समोरून आणि वरून बघितल्यावर तीच वस्तू वेगळी का दिसते, ते मात्र डोळ्यांपुढे येत नाही. वडीचा एक कोपरा ब्लेडने तिरका कापून मुलाच्या हातात द्या आणि तीन बाजूंनी बघून आधी कच्च्या कागदावर काढायला लावा. शीट नंतर. नाहीतर तो ग्लासट्रेसिंग करून, म्हणजे काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट उतरवून, सबमिशन पार पाडेल आणि पेपरात अडकेल.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी वाढवा असं सांगून काही होत नाही. मागच्या तीन-चार प्रश्नपत्रिका घेऊन बसा आणि प्रत्येक प्रश्नात नेमकं काय मागितलंय तेवढंच मराठीत सांगायला लावा. एआयसीटीईने प्रथम वर्षाची पुस्तकं मराठीत आणली आहेत, ती ई-कुंभ पोर्टलवर मिळतात. संकल्पना तिथून वाचू द्या, संज्ञा इंग्रजीच ठेवा. आणि पहिला महिनाभर वर्गात मराठीतून शंका विचारली तर मराठीतूनच उत्तर द्या.

‘काही अडचण आहे का?’ असं विचारूच नका, उत्तर ‘नाही सर’ असंच येतं. मेस कुठे लावलीस, दोन्ही वेळची की एकाच, खोलीत किती जण आहात, जर्नल कोणाचं बघून लिहितोस, असं विचारा. एकाच वेळची मेस लावलेला मुलगा दुपारच्या प्रॅक्टिकलला का पेंगतो ते मग कळतं. कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना असेल तर तिचा अर्ज खिशात ठेवा. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानस १४४१६ हे दोन्ही नंबर पहिल्याच दिवशी मुलांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून घ्या. पालकांचा नंबर घेताना घरात फोन कोण उचलतं तेही विचारा. वडील शेतात असतील तर आईचा किंवा शेजारच्या काकांचा नंबर लागतो.

पहिल्या परीक्षेचे मार्क आले की घरी फोन करण्याआधी मुलाला बोलवा आणि उत्तरपत्रिका समोर ठेवून बोला. एक केटी लागली, म्हणजे एक विषय राहिला, की वर्ष गेलं असं त्याच्या घरी वाटतं, म्हणून एटीकेटीचा, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याचा, नियम तुम्ही स्वतः वाचून ठेवा, सीनियर मुलांच्या भरवशावर राहू नका. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्या दोन दिवसांची हजेरी मात्र स्वतः बघा. जो आला नसेल त्याला त्याच संध्याकाळी फोन लावा, आठवड्याने नको.