जर्मनीला येताय? आधी लेटरबॉक्सवर नाव लावा

चिंचवडहून श्टुटगार्टला आले तेव्हा व्हिसा, कॉन्ट्रॅक्ट, जाड जॅकेट सगळं व्यवस्थित झालं होतं. त्यावर मी काही लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत असतंच. मला जे नडलं ते सांगते, कारण ते इतकं बारीक आहे की कुणी सांगतच नाही आणि त्यापायी माझे पहिले तीन महिने अक्षरशः रडत गेले.

माझं नाव लेटरबॉक्सवर नव्हतं.

आता हे नीट समजून घ्या. आपल्याकडे पत्ता म्हणजे सोसायटी, विंग, फ्लॅट नंबर, अमुक मंदिरासमोर, आणि वर मोबाईल नंबर. कुरियरवाल्याला घर सापडलं नाही तर तो फोन करतो, नाहीतर वॉचमनकडे ठेवून जातो. इथे बहुतेक ठिकाणी फ्लॅट नंबर हा प्रकारच नाही, पत्ता म्हणजे रस्त्याचं नाव आणि बिल्डिंगचा नंबर, संपलं. आमच्या बिल्डिंगमध्ये आठ बिऱ्हाडं, खाली दारापाशी आठ पत्र्याच्या पेट्या आणि प्रत्येकीवर फक्त आडनाव. पोस्टमन आडनाव वाचतो, दिसलं तर पत्र टाकतो, नाही दिसलं तर पत्र आलं तिथे परत. वर येऊन बेल वाजवून "या नावाचं कुणी राहतं का" असं विचारत नाही.

मी एका बाईंच्या घरात पोटभाड्याने राहत होते, पेटीवर त्यांचंच आडनाव. आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत करायची असते, मी नवव्या दिवशी जाऊन केली, मालकिणीच्या सहीचं पत्र जोडलं, पावती घेतली आणि वाटलं सुटले. खरं तर सगळं तिथून सुरू होतं. नोंद झाली की 11 आकडी टॅक्स नंबर पोस्टाने येतो, हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड पोस्टाने येतं, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात येतो. माझं एकेक करून सगळं परत गेलं. आणि मला कळलंच नाही, कारण आलेलं पत्र दिसतं, न आलेलं कुठून दिसणार? एचआरने एकदा टॅक्स नंबर विचारला, मी अजून आला नाही असं कळवलं, मग त्याही गप्प आणि मीही गप्प. इकडे कामं हळू होतात असं सगळेच म्हणतात म्हणून मी वाट बघत बसले.

पहिला पगार झाला तो जवळपास निम्मा कापून. टॅक्स नंबर दिला नाही की तुम्हाला टॅक्स क्लास 6 लागू शकतो आणि त्यात सगळ्यात जास्त कापतात, एकट्या माणसाचा खरा क्लास असतो 1. पेस्लिपवर तो 6 छापलेला होता, मी बघितलाही होता, पण त्याचा अर्थ विचारला नाही. जर्मनीत टॅक्स भरपूर आहे एवढंच डोक्यात. तिकडे एज्युकेशन लोनचा हप्ता चालू, इकडे भाडं, आणि ज्या भाड्यावर मी हो म्हटलं होतं ते काल्टमिटे होतं, म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे न धरता, ते धरून होतं ते वार्ममिटे, तोच आकडा खरा समजा. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. सहाला घरी येऊन फोन लावायचे तेव्हा तिकडे साडेदहा झालेले असायचे, बाबा जागे राहायचे, आणि मी त्यांना सगळं छान चाललंय म्हणून सांगायचे. हे करू नका. पैशाची अडचण घरी नाही तर निदान इथल्या कुणाला तरी सांगा.

मी सांगितलं तेव्हाच सुटलं. ऑफिसमधला एक नाशिकचा मुलगा, माझ्याआधी वर्षभर आलेला, कँटीनमध्ये त्याने माझी पेस्लिप बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "लेटरबॉक्सवर नाव कुणाचंय?" त्या संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर मार्करने आडनाव लिहून वर पारदर्शक टेप मारली. मालकिणीला आधी मेसेज करून विचारलं, ते विचारायचंच. टॅक्स नंबर परत मागवला तर तोही पोस्टानेच येतो, फोनवर किंवा ईमेलवर सांगत नाहीत, त्यात अजून काही आठवडे गेले. पण घाबरू नका, पैसे बुडत नाहीत. नंबर दिल्यावर जास्तीचा बराचसा टॅक्स पुढच्या पगारात परत मिळाला, उरलेला टॅक्स रिटर्नमध्ये.

पट्टीवर पासपोर्टवरचंच आडनाव लिहा, आन्मेल्डुंगला दिलंय तेच. बेलच्या पाटीवरही तेच. पोटभाड्याने असाल तर पत्ता देताना तुमच्या नावाखाली "bei" (उच्चार बाय) लिहून मालकाचं आडनाव टाका, आपलं केअर ऑफ असतं तसं. घर बदललं की हे सगळं पुन्हा, पहिल्या दिवशी, सामान उघडायच्या आधी.

आणि नाव लागलं की दुसरी जबाबदारी येते, पेटी रोज उघडायची. पिवळं पाकीट, म्हणजे महत्त्वाचं सरकारी पत्र, असेल तर पोस्टमन त्यावर तारीख लिहून जातो आणि उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही वाचलं की नाही याला अर्थ नाही. जर्मन येत नसेल तर फोटो काढून ट्रान्सलेट करा, पण आधी "फ्रिस्ट" (Frist) हा शब्द शोधा, म्हणजे मुदत. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईलच, घरामागे महिन्याला 18.36 युरो, घरात टीव्ही नसला तरी. ते फ्रॉड नाही. एकाच घरात दोघं असाल तर एकानेच भरायचं असतं, तसं लिहून कळवा.

माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षाचे प्रश्न बारा वर्षं इथे असलेल्यांना विचारू नयेत. ती माणसं चांगली असतात, गणपतीला घरी बोलावून मोदक खाऊ घालतात, पण त्यांना त्यांचा पहिला महिना आठवत नाही. वर्षभरापूर्वी आलेल्याला विचारा. "ऑफिसात इंग्लिश चालतं, जर्मन लागत नाही" हेही तेच लोक सांगतात. ऑफिसात चालतं हो, पण पत्र जर्मनमध्येच येतं. शिवाय ब्लू कार्डवर, म्हणजे पदवीधर नोकरदारांच्या परवान्यावर, आला असाल आणि जर्मनची बी1 पातळी झाली तर 21 महिन्यांत कायमचं राहायच्या परवान्याला अर्ज करता येतो, नुसती सुरुवातीची ए1 असेल तर 27. पहिल्या महिन्यातच क्लास लावा.

पैसे घेऊन नुसता आन्मेल्डुंगला पत्ता देणारे भेटतील, त्यांच्या नादी अजिबात लागू नका. असा खोटा पत्ता देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तुमचं पत्र त्या पेटीत पडणार, तुमच्या हातात नाही.

बाकी गोष्टी अंगवळणी पडतात. रविवारी दुकानं बंद, शनिवारी भाजी आणा. आमच्याकडे श्वाबेन भागात केअरवोखे असते, जिन्याची झाडलोट दर आठवड्याला एका घराकडून दुसऱ्याकडे फिरते, पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी अडकवलेली दिसते, ती दिसली की झाडू घ्या. मी पहिल्यांदा जिना पुसला तेव्हा वरच्या आजींनी खाली येऊन माझं आडनाव विचारलं आणि दोनदा म्हणून बघितलं. तोवर मला त्या बिल्डिंगमध्ये कुणी नावाने ओळखत नव्हतं.

आता जे नवे आलेत त्यांनी आज खाली जाऊन पेटी बघा. आणि पेस्लिपवर क्लास 6 दिसत असेल तर उद्यावर ढकलू नका, आत्ताच एचआरला मेल करा.