आडोशाची झाडं: शेंडा खुडायला कचरू नका
परसात शेजाऱ्यांपासून लवकर आडोसा हवा असेल तर बांबू उत्तम, पण बेट करून एकाच जागी वाढणाराच घ्या. जमिनीखालून पसरणाऱ्या जातीचे कोंब कुंपण ओलांडून शेजारच्या वाफ्यात निघतात आणि मग ते आवरणं फार जड जातं. रोपवाटिकेत हे आवर्जून विचारा.

जास्वंद किंवा मेंदी लावणार असाल, तर रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा. मन धजत नाही, ठाऊक आहे. पण खुडलेल्या जागेखालच्या डोळ्यांतून फुटवे येतात आणि झाड बुडापासून दाट होतं. नाहीतर वर पानं, खाली नुसत्या काड्या, आणि नजर नेमकी तिथूनच आरपार जाते. रोपं कुंपणापासून 2-3 फूट आत लावा, म्हणजे मागून छाटायला वाट राहते.