विमानाच्या इंधनातला कार्बन दोनदा वजा केला, त्याची गोष्ट

ऊर्जाप्रणालीच्या मॉडेलिंगमध्ये पाऊल टाकणाऱ्यांना लिनियर प्रोग्रॅमिंग (कमीत कमी खर्चाचे उत्तर शोधणारे गणित), तासागणिक मागणी आणि कार्बनमर्यादा (उत्सर्जनाची कमाल मर्यादा) या गोष्टी ठाऊक असतात असे धरून मी थेट केरोसीनकडे, म्हणजे विमानाच्या इंधनाकडे वळतो. जर्मनीत पदव्युत्तर प्रबंधासाठी मी ‘पायप्सा-यूर’ हे युरोपच्या ऊर्जाप्रणालीचे खुले मॉडेल घेतले होते. युरोपीय संघाच्या २०२३च्या नियमानुसार २०५०मध्ये तिथल्या विमानतळांवरील इंधनात किमान ३५ टक्के कृत्रिम इंधन, म्हणजे विजेने मिळवलेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून बनवलेले इंधन, लागणार आहे. त्याचा विजेच्या मागणीवर काय भार पडेल, हे मला पाहायचे होते.

भार मोठाच आहे. एक किलो इंधनाला सुमारे ४३० ग्रॅम हायड्रोजन लागतो आणि एक किलो हायड्रोजनसाठी इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारे यंत्र) पन्नासहून अधिक युनिट वीज खातो. म्हणजे हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढण्याचा खर्च धरण्याआधीच बावीसेक युनिट जातात आणि हाती येणाऱ्या इंधनात ऊर्जा असते जेमतेम बारा युनिटांची. इथे कोणी सहसा चुकत नाही. मी चुकलो तो कार्बनच्या हिशेबात, आणि ते कळायला मला सहा आठवडे लागले.

हायड्रोजन आणि कार्बन जोडून द्रव इंधन बनवणाऱ्या फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेत एक किलो इंधनासाठी किमान ३.१४ किलो कार्बन डायऑक्साइड आत जातो आणि इंधन जळाले की जवळजवळ तेवढाच बाहेर पडतो. मॉडेलमध्ये हवेतून ओढलेला वायू वातावरणाच्या खात्यातून वजा होतो, म्हणून जळतानाचा वायू त्याच खात्यात पुन्हा जमा व्हायलाच हवा. ‘हे इंधन हरित आहे, मग उत्सर्जन कसले?’ असा विचार करून मी जळतानाची नोंद शून्य केली. परिणामी एक लाख टन इंधन जाळले की वातावरणातून सुमारे ३ लाख १४ हजार टन वायू कायमचा नाहीसा झाल्याचे मॉडेल मानू लागले आणि त्या फुकटच्या शिलकीवर त्याने हिवाळ्याच्या रात्री नैसर्गिक वायूची वीजकेंद्रे खुशाल चालू ठेवली. कार्बनमर्यादा पाळलेली दिसत होती, खर्च कमी दिसत होता आणि माझ्या मार्गदर्शकांना आलेख आवडला होता. जे मार्गदर्शक आलेख पाहतात पण ताळेबंद मागत नाहीत, त्यांच्या कौतुकावर विसंबू नका, हे मी आजही थोड्या कडवटपणेच सांगतो.

चूक सापडली ती एका छोट्या चाचणीत. मी संपूर्ण युरोप बाजूला ठेवला आणि एकच नोड (नकाशावरचे एकच ठिकाण), एकच वर्ष व एक किलो केरोसीनची मागणी असे खेळण्याएवढे मॉडेल चालवले. वातावरणाच्या खात्यात शून्य यायला हवे होते. आले उणे ३.१४. खनिज केरोसीन वापरून पाहिले तर अधिक ३.१६च्या आसपास यायला हवे, आणि सिमेंट कारखान्याच्या चुनखडीतून निघालेला वायू इंधनात वापरला तर तो एक फेरी मारून अखेर हवेतच जातो, हेही खात्यात दिसायला हवे. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे. दुसऱ्याची तयार कॉन्फिगरेशन फाइल उचलण्याचा मोह असेल तर जरूर उचला, पण ही चाचणी केल्यावाचून एकही निकाल कोणाला दाखवू नका.

यात हुशारीचा प्रश्न नाही, तेव्हा घाबरू नका. ती एक ओळ सुधारल्यावर माझे सगळे निकाल दोन दिवसांत नव्याने आले. वीजकेंद्रे बंद पडली, खर्च वाढला आणि प्रबंध वाचला. टाकीत केरोसीन स्वस्तात साठवता येते, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी इलेक्ट्रोलायझर जोरात चालवण्याची मुभा मिळते, हा खरा निष्कर्षही तेव्हाच दिसला. फिशर-ट्रॉप्शची भट्टी मात्र दर तासाला चालू-बंद करता येत नाही. तिच्या किमान भाराची (ज्याच्या खाली ती चालवता येत नाही, त्या पातळीची) अट घालायला विसरू नका.

मे २०२३मध्ये पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून बनवलेले इंधन मिसळून पुणे–दिल्ली विमान गेले, तेव्हा घरून फोन आला, ‘हेच का तुझे इंधन?’ ते जैवइंधन होते. मॉडेलमध्ये ते बायोमासच्या दाराने येते, आणि तिथे पीक वाढताना शोषलेला कार्बन एकदा वजा केला असेल, तर जळतानाची नोंद शून्य ठेवता येत नाही.