वायरलेस फ्लॅश ट्रिगर चालत नसेल तर दोष कसा शोधावा

मंगलाष्टकांचे शेवटचे कडवे सुरू असते, अंतरपाट खाली येण्याच्या बेतात असतो आणि नेमका त्याच वेळी कोपऱ्यातील स्टँडवरचा फ्लॅश गप्प राहतो. हा फ्लॅश तारेविना, कॅमेऱ्यावर बसवलेल्या ट्रिगर नावाच्या छोट्या यंत्राच्या रेडिओ संदेशाने उडतो. मुंबईत लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी ज्याच्यावर हा प्रसंग आला नाही असा विरळाच. घाईत माणूस चॅनेल, सेल आणि कॅमेऱ्याची सेटिंग्ज हे सगळे एकदमच बदलून टाकतो. फ्लॅश योगायोगाने सुरू झालाच तर कशामुळे झाला हे कळत नाही आणि वरातीच्या वेळी तो पुन्हा बंद पडतो. म्हणून खालील तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर फ्लॅश उडतो का ते पाहावे.

प्रथम फ्लॅशवरचे स्वतःचे टेस्ट बटण दाबावे. त्याने फ्लॅश उडाला नाही तर दोष फ्लॅशमध्ये किंवा त्याच्या सेलमध्ये आहे आणि ट्रिगरला बोल लावण्यात अर्थ नाही. तो उडाला, तर कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरचे टेस्ट बटण दाबावे. माझ्या मते संपूर्ण तपासणीतील सर्वांत मोलाची पायरी हीच आहे, कारण तिच्यामुळे शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते. या बटणाने फ्लॅश उडतो, पण शटर दाबल्यावर उडत नाही, असे असेल तर रेडिओ संदेश व्यवस्थित पोहोचत आहे आणि दोष कॅमेरा व ट्रिगर यांच्यामध्ये आहे. या बटणानेही उडत नसेल तर दोष ट्रिगर व फ्लॅश यांच्यामध्ये आहे.

दोष कॅमेऱ्याच्या बाजूला असेल तर ट्रिगर हॉट शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरील फ्लॅश बसवायच्या खाचेत, शेवटपर्यंत सरकला आहे का आणि त्याची कडी घट्ट आहे का, हे आधी पाहावे. अर्धा मिलिमीटर मागे राहिलेला ट्रिगरही संपर्क तोडतो. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांमुळे मुंबईत हॉट शूच्या संपर्कबिंदूंवर मळकट थर लवकर चढतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते हलक्या हाताने पुसावेत आणि पूर्ण वाळल्यावरच ट्रिगर बसवावा. पॉलिश पेपरने घासणे मात्र टाळावे, कारण त्याने वरचा मुलामाच निघून जातो. त्यानंतर मेनू तपासावा. सायलेंट म्हणजेच इलेक्ट्रॉनिक शटर सुरू असताना बहुतेक कॅमेरे फ्लॅशला संदेशच देत नाहीत, आणि देवळात किंवा भाषणाच्या वेळी सुरू केलेले हे शटर बंद करायला आपण हटकून विसरतो. आणखी एक अडचण विकत घेतानाच लक्षात घ्यावी: कॅननच्या २००डी मार्क टूसारख्या काही कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये मधला संपर्कबिंदूच नाही, त्यामुळे केवळ त्या एका बिंदूवर चालणारे साधे, स्वस्त ट्रिगर त्यांवर कितीही साफसफाई केली तरी चालणार नाहीत.

फ्लॅश उडतो, पण चित्राच्या एका कडेला काळा पट्टा येतो, ही तक्रार वेगळी आहे. शटरचे दोन पडदे एकामागोमाग सरकतात आणि ठरावीक वेगापलीकडे संपूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडा राहत नाही. ही मर्यादा बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या आसपास असते. साध्या ट्रिगरला संदेश पोहोचवायला किंचित वेळ लागत असल्यामुळे वेग १/१६० वर आणून पाहावा. त्याहून जलद शटर हवेच असेल तर ट्रिगर आणि फ्लॅश या दोघांनाही हायस्पीड सिंक, म्हणजे जलद शटरशी जुळवून घेण्याची सोय, येत असले पाहिजे.

दोष रेडिओच्या बाजूला असेल तर ट्रिगर आणि फ्लॅश यांवरील चॅनेल, ग्रुप (फ्लॅशचा गट) आणि सोय असल्यास आयडी क्रमांक शेजारी ठेवून जुळवावेत, आणि ज्या ग्रुपमध्ये फ्लॅश आहे तो ट्रिगरवर बंद तर नाही ना, हेही पाहावे. हॉलमध्ये आणखी दोन छायाचित्रकार असतील तर कार्यक्रमापूर्वीच चॅनेल वाटून घ्यावेत, कारण सगळेच जण कारखान्यातून आलेल्या चॅनेल १ वर बसलेले असतात. आजचे बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात, शिवाय मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून गर्दीच्या हॉलमध्ये फ्लॅश वऱ्हाड्यांच्या डोक्यांच्या वर राहील इतका उंच ठेवावा आणि त्याच्या व ट्रिगरच्या मध्ये लोखंडी खांब येऊ देऊ नये.

याउलट, फ्लॅश कुणी न सांगता उडत असेल तर तो एस-१ या ऑप्टिकल स्लेव्ह मोडवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसताच उडण्याच्या सेटिंगवर, गेला आहे का ते पाहावे. दादरच्या एका लग्नात माझा फ्लॅश प्रत्येक नातेवाइकाच्या कॅमेऱ्याला मुजरा करत होता आणि मी मात्र तासभर चॅनेल बदलत बसलो होतो.

कधी उडतो, कधी नाही, असे होत असेल तर संशय सेलवर घ्यावा. ट्रिगरचा पडदा उजळतो म्हणून सेल चांगले आहेत असे समजू नये. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असले तरी साध्या अल्कलाइन सेलपेक्षा फ्लॅशला लवकर तयार करतात. पूर्ण शक्तीवर सलग फोटो काढल्यास फ्लॅशला भरायला वेळच मिळत नाही, आणि तापल्यावर तो स्वतःहून मंदावतो. शक्ती १/४ वर आणून आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) दोन स्टॉप, म्हणजे चौपट, वाढवावा. मध्येच झोपी जाणाऱ्या फ्लॅशचा स्लीप टाइमर बंद करावा.

एवढे करूनही दोष सापडला नाही तर फोर्टमधील बोरा बाजारात दुरुस्तीसाठी जाताना कॅमेरा, ट्रिगर आणि फ्लॅश तिन्ही बरोबर न्यावेत, म्हणजे दुकानदार एकेक वस्तू बदलून पाहू शकतो. फ्लॅश घरी उघडून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण सेल काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे ३०० व्होल्टचा भार शिल्लक असू शकतो.